तुमच्या भावाच्या चिठ्ठ्या, चार आवाजांत

ती. वन्सं यांस,

नमस्कार. तुमच्या उजव्या गुडघ्याला वेगळा नमस्कार, कारण मागच्या पत्रात त्याची चौकशी करायची राहिली आणि तुम्ही (किंवा त्याने) उत्तरच पाठवलं नाही. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं असं तुमच्या शेजारणीकडून कळलं. आता स्पष्ट दिसत असेल, म्हणजे माझं अक्षर किती वाईट आहे तेही दिसेल. इकडे मी बरी आहे. बरी म्हणजे जेवते, कामाला जाते, रक्तदाब डॉक्टरांना आवडेल इतकाच ठेवते. मनाचं विचाराल तर तिथे सगळा अंधार आहे. तो का आहे हे सांगायला हे पत्र. लांबेल. गुडघ्याखाली उशी घेऊन बसा.

हे गेल्यावर मी संगीतशाळेत कामाला लागले ते तुम्हाला माहीत आहे. बावीस खोल्यांच्या किल्ल्या माझ्याकडे असतात. सकाळी दारं उघडायची, पियानो पुसायचे, खुर्च्या मोजायच्या, संध्याकाळी दारं लावायची. त्यात सगळ्यात शेवटी सुटायचा तो रचनेचा वर्ग, खोली क्रमांक सहा, आणि तो सुटेपर्यंत मला बाहेर स्टुलावर बसून राहावं लागायचं. मी पुस्तक वाचत बसायचे. मग लक्षात आलं की एकच ओळ चौथ्यांदा वाचतेय, कारण कान आत आहेत. एक दिवस मास्तर दार उघडून बाहेर आले. (वय चाळीस, केस साठीचे, मोजे दोन रंगांचे.) म्हणाले, "बाई, दाराच्या काचेतून तुमची मान हलताना दिसते आणि माझा ताल चुकतो. आत बसून हलवा." कर्मचाऱ्यांना एक वर्ग फुकट असतो. मी नाव घातलं. वर्गात अकरा मुलं, सगळी वीस-बावीसची, आणि मी एकसष्ट. आधी ती मला काकू म्हणायची. सहामाहीत त्यांच्याहून दोन गुण जास्त मिळाले तेव्हापासून काहीच म्हणत नाहीत.

आता मुद्द्यावर येते. तीन महिन्यांपूर्वी मीच माझ्या हाताने फळ्यावर एक नोटीस लावली. विद्यार्थी संगीतकारांसाठी समूहगान रचनेची स्पर्धा. चार आवाज, चार मिनिटं, गाणारे कमीत कमी आठ, रेकॉर्डिंग आणि लिहिलेली प्रत येत्या तीस तारखेच्या आत. पहिली येणारी रचना वर्षअखेरीला शाळेचा मोठा संघ गाणार. वयाची अट नव्हती, लिहायला विसरले असावेत. चार टाचण्या लावून झाल्या तरी मी तिथेच उभी. मोठ्या संघात साठ माणसं आहेत, वन्सं. साठ माणसं एकदम श्वास घेतात तेव्हा सहा नंबरच्या खिडक्यांच्या काचासुद्धा वाजतात. मी रोज ऐकते.

शब्दांवरून पहिली फजिती झाली. वर्गातल्या मुलांनी समुद्र घेतला, युद्ध घेतलं, दोघांनी चंद्र घेतला आणि त्यावरून त्यांच्यात भांडण झालं. मास्तर मला म्हणाले, तुम्हाला काय पाठ आहे तेच घ्या. मी घरी जाऊन विचार केला, मला काय पाठ आहे? बावीस किल्ल्यांचे नंबर. आणि ह्यांच्या चिठ्ठ्या.

तुमच्या भावाची ती खोड तुम्हाला ठाऊक आहेच, पण लग्नानंतर ती किती वाढली हे तुम्हाला ठाऊक नाही. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. दिवसभर पाट्या लावायचा, 'लिफ्ट बंद आहे, जिना वापरा', 'काम चालू आहे, दारात उभे राहू नये'. घरी आला तरी हात थांबायचा नाही. पहाटे मी झोपेत असताना हे कामावर जायचे आणि घरभर चिठ्ठ्या ठेवून जायचे. माझी शाळा चौथीत सुटलेली. जोडाक्षर आलं की मी त्याला वळसा घालून पुढे जायचे. पण शेगडीवर चिठ्ठी असली तर वाचावीच लागते, नाहीतर घर पेटेल. तशी मी वाचायला शिकले. (लायब्ररीतली जाडी पुस्तकं नंतर आली. त्यांत शेगडीइतकी घाई कुठेच नव्हती.) बत्तीस वर्षांच्या चिठ्ठ्या मी बुटांच्या खोक्यात ठेवल्या आहेत. 'दूध वर येतंय, बघ.' 'दार ओढून घे.' 'छत्री दाराशी आहे, विसरू नकोस.' 'नळ गळतोय, आल्यावर बघतो.' (ही एकोणीस वेळा आहे. नळ अजून गळतोय.) 'मी सहाला येतो, सातही होतील.' 'रागावली असशील तर झोप, उद्या बोलू.' यातल्या अकरा मी निवडल्या आणि चार आवाजांत बसवल्या. नळाची खालच्या सुरात गाणाऱ्या पुरुषांना दिली, थेंब थेंब, शेवटपर्यंत.

मग गाणारे शोधायला निघाले. शाळेतले सगळे गळे त्या अकरा मुलांनी आधीच पळवले होते. मी गल्लीत फिरले आणि जो नाही म्हणाला नाही त्याला घेतलं. किल्ल्या बनवणारे आले, त्यांच्याशी माझे धंद्याचे संबंध आहेत. पोस्टमन आणि त्यांची बायको आली. औषधाच्या दुकानातल्या दोघी बहिणी आल्या. त्या सहा वर्षं एकमेकींशी बोलत नाहीत, आणि दोघींचा आवाज एकाच जातीचा, त्यामुळे एकाच कागदात बघून शेजारी शेजारी उभं राहावं लागतं. ("तिला सांगा, ती वर चाललीय." "तिला सांगा, मी होते तिथेच आहे, जमीन खाली गेलीय." हे सगळं माझ्यामार्फत, दोघींच्या मधे मी.) रेल्वे स्टेशनवर तीस वर्षं गाड्यांची घोषणा करून निवृत्त झालेल्या बाई आल्या. आवाज असा की भिंतीपलीकडचा माणूससुद्धा सामान उचलून उभा राहावा. फक्त त्या प्रत्येक ओळ दोनदा म्हणतात, सवयीने. आणि ह्यांचे कामावरचे जोडीदार आले, तेच, ज्यांनी त्या दिवशी हॉस्पिटलातून तुम्हाला घरी सोडलं होतं. मी धरून आठ.

दर रविवारी चार वाजता सहा नंबरमध्ये तालीम. सुरुवात एका सुरावर व्हायची आणि शेवट भलत्याच ठिकाणी. सगळे मिळून हळूहळू खाली घसरायचे, कुणालाही न कळता. कळायचं फक्त जोडीदारांना. ते डोळे मिटून गायचे आणि शेवटी सांगायचे, "वहिनी, आज दीड मजला खाली आलो." एका रविवारी म्हणाले, "आज तळघर." मी विचारलं, यावर उपाय काय? तर म्हणाले, "दोर ढिला झालाय. मधे कुठेतरी थांबून ताणून घ्यायला हवा." मग मी कागदांवर जागोजागी सूचना लिहिल्या. 'इथे श्वास घ्या.' 'सावकाश, घाई नाही.' 'खालच्यांनी थांबा.' 'पान उलटा.' आठ प्रती, रात्रपाळीच्या नर्ससारखं नीट, एका निळ्या पेनाने, शब्दांच्याच ओळीत. वन्सं, माझा घात तिथे झाला.

पुढच्या रविवारी मी हात वर केला, त्यांनी गायला सुरुवात केली. 'दूध वर येतंय, बघ, इथे श्वास घ्या.' मला वाटलं एकाची चूक झाली. पण आठातल्या सातांनी गायलं, दोन्ही बहिणींनीही, सहा वर्षांत पहिल्यांदा एकमताने. 'छत्री दाराशी आहे, सावकाश, घाई नाही.' मी हात हलवून नको नको म्हणतेय, त्यांना वाटतंय जोरात हवं. 'पान उलटा' तर चारही आवाजांत इतकं भरून आलं की खरं सांगते, माझ्या सगळ्या रचनेत तेवढं सुरेल काहीच नव्हतं. पान मात्र कुणी उलटलं नाही. उलट 'दार ओढून घे' आलं तेव्हा पोस्टमन उठले, जाऊन दार ओढून आले आणि पुन्हा रांगेत उभे राहिले. घोषणावाल्या बाईंनी सगळं दोनदा म्हटलं ते वेगळंच.

मी थांबवलं. म्हटलं, अहो, चिठ्ठ्यांत 'तू' आहे, सूचनांत 'तुम्ही' आहे, एवढं कुणाच्या ध्यानात येऊ नये? पोस्टमनची बायको म्हणाली, "आलं ना. आम्हाला वाटलं मधेच रुसवा आला असेल. आमच्यात पण येतो. मी यांना सकाळी 'अरे' म्हणते आणि दुपारी 'अहो, जेवण वाढलंय'." यावर पोस्टमनांनी खाली बघितलं. किल्लीवाले म्हणाले, सगळ्या चिठ्ठ्या सूचनाच आहेत, तुमच्या कोणत्या आणि त्यांच्या कोणत्या हे आम्ही कसं ओळखायचं? अक्षर तर एकच.

मी म्हटलं, सात नंबरचं कुलूप बघून येते. सात नंबर त्या दिवशी उघडलीच नव्हती. तिथे जाऊन दोन मिनिटं कडीला हात लावून उभी राहिले आणि परत आले. जोडीदारांनी मला पाण्याचा ग्लास दिला आणि ते खिडकीबाहेर बघत राहिले.

त्याच दिवसाचं रेकॉर्डिंग होतं. मी ते मास्तरांना ऐकवलं, माफी मागायच्या तयारीने. ते ऐकताना एक मोजा वर ओढत होते. संपल्यावर म्हणाले, हे 'श्वास घ्या', 'घाई नाही' तुमचं का? मी म्हटलं, चुकून झालं, काढते. ते म्हणाले, "काढलंत तर तुमचं नाव वर्गातून काढीन. इतके दिवस तो बिचारा एकटाच बोलत होता." मग म्हणाले, पण शेवट नाही. खरंच नाही. शेवटच्या चार मात्रांना शब्द नाहीत, तिथे सगळे तोंड मिटून नुसता सूर धरतात. (घोषणावाल्या बाई तोही दोनदा धरतात.) मास्तर म्हणाले, तोंड मिटून संपवणं म्हणजे दार लोटून ठेवून जाणं. शब्द आणा, आणि तीस तारखेच्या आधीच्या रविवारी पुन्हा रेकॉर्ड करा. मी म्हटलं, बघते.

तोवर ऑफिसात दुसरी माशी शिंकली. तिथला कारकून मला चार वर्षं रोज बघतो, पण अर्ज हातात असला की माणूस बघत नाही. "शब्द कुणाचे?" म्हटलं, आमच्या ह्यांचे. "लेखकाची लेखी परवानगी जोडा." म्हटलं, ते नाहीत. "कधी येतील?" वन्सं, माझ्या तोंडून निघून गेलं, "सहाला येतो म्हणालेत, सातही होतील." त्याने ते अर्जाच्या कोपऱ्यात लिहूनही घेतलं. मग मान वर केली, मला ओळखलं, आणि त्याचे कान इतके लाल झाले की मलाच त्याची दया आली. स्वतःची खुर्ची दिली मला बसायला. पण नियम तो नियमच. लेखक हयात नसेल तर त्याच्या वारसांच्या सह्या लागतात. वारस किती? मी म्हटलं, दोन. त्याने दोन कागद दिले. एकावर मी तिथेच सही केली. दुसरा पर्समध्ये ठेवला, आणि तो गेले नऊ दिवस माझ्याबरोबर बाजारात, लायब्ररीत, दातांच्या डॉक्टरांकडे फिरतोय.

अशी सगळी दैना आहे. गाणारे तळघरात, शेवट नाही, कागद अपुरा. मुलं पियानोवर काय सुरेख वाजवतात, आणि मी त्यांच्यानंतर तो पुसते. खरं म्हणजे मला स्पर्धेचं काही नाही. अर्ज मागे घ्यावा असंच मनात आहे. एकसष्टाव्या वर्षी हसं करून घ्यायला मी काही विद्यार्थी नाही.

आणखी एक लिहायचं होतं. हॉस्पिटलच्या जिन्यात मी तुम्हाला जे बोलले त्याबद्दल. त्या दिवशी लिफ्ट बंद होती आणि दारावर पाटी होती, 'लिफ्ट बंद आहे, जिना वापरा'. ह्यांनी जन्मभर लावली तीच. मी इंजेक्शन आणायला सात मजले उतरले आणि सात मजले चढले, आणि चौथ्या मजल्यावर दम घ्यायला बसले. तेवढंच. ह्यांच्या घशात नळी, बोलता येत नव्हतं, म्हणून उशाशी वही ठेवली होती. मी आत आले तेव्हा डोळे मिटलेले होते आणि वहीचं वरचं पान फाडलेलं होतं. तुमच्या पर्सची कडी वाजली. मी विचारलं, काय लिहिलं? तुम्ही म्हणालात, काही नाही गं, पाणी मागत होता. ते डोळे मग उघडलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी जिन्यात मी तुम्हाला म्हणाले की बत्तीस वर्षं ते मला लिहीत होते आणि शेवटचं तुम्ही घेतलंत. असं बोलायला नको होतं. ते तुमचे माझ्या आधी सव्वीस वर्षं होते. तुम्ही त्यांना अक्षर गिरवायला शिकवलंत, ते मला ह्यांनीच सांगितलं होतं. म्हणजे माझ्या खोक्यातलं एक एक अक्षर तुमच्या हाताखालून आलेलं आहे, हे मला त्या दिवशी सुचलं नाही. चार वर्षांनी सुचतंय. माझं सगळं वाचन असंच उशिरा झालं.

गुडघ्याला जपा. डोळ्यात थेंब वेळेवर घाला. शेजारणीला नमस्कार सांगा, पण हे पत्र वाचायला देऊ नका.

तुमची,
वहिनी

ता. क. दुसरा कागद सोबत जोडला आहे. जिथे सही करायची तिथे पेन्सिलीने फुली केली आहे. त्या ओळीत 'दिवंगत' आणि 'बहीण' हे छापलेलं नाही, ते मी हाताने लिहिलं. लेखक हा शब्द मात्र छापलेलाच आहे. तो बघून तुम्हाला काय वाटेल याचा मी नऊ दिवस विचार केला. मला फार बरं वाटलं होतं.

ता. क. २. वर लिहिलंय की मला स्पर्धेचं काही नाही आणि अर्ज मागे घेणार. ते खोटं आहे. मला जिंकायचं आहे. साठ माणसांनी एकदम श्वास घेऊन 'नळ गळतोय' म्हटलेलं मला ऐकायचं आहे. तुमच्यासाठी पहिल्या रांगेतली खुर्ची मी आत्ताच मोजून बाजूला ठेवली आहे. जागा कडेची घेतलीय, गुडघा लांब करता येईल. इमारतीत लिफ्ट आहे. जोडीदार दर महिन्याला येऊन तपासतात.

ता. क. ३. ते पान तुमच्याकडे असेल तर पाठवा. मूळ तुम्हीच ठेवा, मला नुसतं उतरवून पाठवलंत तरी चालेल. त्यात तुमच्यासाठी काही असेल तर तेवढं गाळा. आणि खरोखरच नुसतं 'पाणी' लिहिलं असेल तर तेही पाठवा. दोन अक्षरं आहेत, माझ्याकडे चार मात्रा रिकाम्या आहेत. घोषणावाल्या बाई दोनदा म्हणतील, बरोबर बसेल.